फॅन फिक्शनने पोरं लिहायला शिकतात की नुसती नक्कल?

खाडीपलीकडची:
मी दापोलीकडे आठवीला मराठी शिकवते. निबंध दिला की सगळ्या वह्यांत गाईडमधला तोच पावसाळा. म्हणून यंदा फॅन फिक्शन लिहून घेतलं, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं घेऊन आपली गोष्ट रचायची. 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग दिला, श्याम घाबरून लपतो नि आई मारून बाहेर काढते तो, आणि म्हटलं हेच आईच्या तोंडून सांगा. साने गुरुजी इथल्याच पालगडचे, त्यामुळे विहीर, माळा काही समजवायला लागलं नाही. एका मुलीने लिहिलं, 'माझाच हात दुखत होता पण खाली बायका ऐकत होत्या म्हणून थांबता येईना.' पुस्तकात आई अशी नाहीये! पण ही पोरगी कधी चार ओळींच्या वर गेली नव्हती. स्टाफरूममध्ये मात्र दोन गट पडलेत. तुमचं काय?

कातळ:
माझा विरोध. माणसं तयार, गाव तयार, भांडणही तयार, मग पोराने केलं काय? माझा पुतण्या मोबाईलवर ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, पात्रांवर पानंच्या पानं लिहितो, सगळी टोकियोत. घरासमोर जेटीवर रोज मासळीचा लिलाव चालतो, बांगड्याच्या टोपलीवरनं बायका एकमेकींचं कूळ काढतात, त्यातलं एक वाक्य त्याच्या वहीत येत नाही.

सावंतवाडीचो:
अरे मगे दशावतार काय आसा? आख्यान सगळ्यांका ठावक, लिहिलेली संवादाची वही नाय, राजा नि राक्षस रंगमंचावर उभे राहून तिथल्या तिथे बोलतात. गोष्ट जुनी म्हणून कोणी उठून जात नाही, उलट आज हा काय बोलतो ते बघायला पहाटेपर्यंत बसतात.

कातळ:
बसतात, कारण तो नट जुन्या नटांबरोबर वर्षानुवर्षं उभा राहून तयार झालेला असतो. आठवीतल्या पोराला कोण टोकणार, लाइक देणारे?

लाल पेन:
टोकायलाच तर बाई आहेत ना. आणि दहावीच्या पेपरात 'अपूर्ण कथा पूर्ण करा' विचारतातच, तेव्हा कोणी नक्कल म्हणत नाही. बाई, एक बघा, गुरुजी १९५० साली गेले आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे ते पुस्तक मोकळं झालंय. हयात लेखकाचं पात्र असेल तर वहीपुरतं ठीक, पण शाळेच्या अंकात छापायच्या आधी परवानगी घ्या.

खाडीपलीकडची:
धन्यवाद. कातळ, तुमचं जेटीचं पटलं हो, पुढचा स्वाध्याय तोच देते, श्यामची आई लिलावाच्या वेळी जेटीवर येते.

कातळ:
अहो कोकणस्थांचं घर ते, ती कशाला मरायला मासळीच्या लिलावात येईल?

खाडीपलीकडची:
हाच प्रश्न फळ्यावर लिहिणारे. वह्या तपासायला तुम्ही या.