रेडिएशन संपलं, एमआरआय 'स्टेबल', मग हे काय होतंय?

मेनिन्जिओमाचं (मेंदूच्या आवरणावरची गाठ) ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे 30 दिवस. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रोज ये-जा करूनही तेव्हा विशेष काही वाटलं नाही. सगळं संपून पाचेक आठवडे झाले आणि झोप यायला लागली. थकवा नव्हे, झोप! ताटात वरणभात तसाच, हातात पोळीचा तुकडा आणि मी गाढ. एमआरआय 'स्टेबल', डॉक्टर खूश, सासूबाई म्हणतात टेन्शन घेतेस. डोक्याच्या रेडिएशननंतर काही आठवड्यांनी अशी झोप येऊ शकते आणि ती ओसरते, हे मला सांगितलं फॉलो-अपच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका काकांनी. म्हणून हा धागा. तुमचं जे कुणाला पटलं नाही, ते इथे लिहा. फक्त एकमेकांचं बघून औषधं बदलू नका.

ऐरोलीहून
डोकं हलू नये म्हणून मास्क लावून रेडिएशनचं मशीन सुरू झालं की मिटल्या डोळ्यांपुढे निळा उजेड यायचा आणि ब्लीचिंग पावडरसारखा वास. टेक्निशियन म्हणाला, मशीनला वास नसतो. बायकोला वाटलं, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. (झालाच होता, त्यासाठीच तर जात होतो.) नंतर कळलं, असं बऱ्याच जणांना होतं. रेडिएशन संपलं, वासही संपला.

कळव्याहून, वडिलांबद्दल
बाबांना संडासातून उठताच येईना. नळाला धरून उठायचे. नातेवाइकांनी संधिवात ठरवून गुडघ्यांना तेल चोळलं. दुखत मात्र काहीच नव्हतं, मांड्यांतली ताकदच गेली होती. कारण निघालं डेक्सा, म्हणजे सूज उतरवायचं स्टेरॉइड. डॉक्टरांनी ते हळूहळू उतरवलं (एकदम बंद करायचं नसतं), व्यायाम सुरू झाला. आता खुर्चीतून हात न टेकता उठतात.

खारघरहून
माझं रेडिएशन पिट्युटरीजवळ (मेंदूखालची हार्मोन्सची ग्रंथी) झालं होतं. चार वर्षं ठणठणीत. मग मे महिन्यात, लोक घामाने निथळत असताना, मी स्वेटर घालून बसलेली. मळमळ, उभं राहिलं की अंधारी. एकाने मेनोपॉज म्हटलं, दुसऱ्याने डिप्रेशनची गोळी दिली. थायरॉइडचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) नॉर्मल, म्हणून विषय संपला! तिसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "रेडिएशन कधी झालं होतं?" सकाळी 8 ला कॉर्टिसॉलसाठी (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) रक्त घेतलं, सोबत फ्री टी4 (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन). दोन्ही तळाला. पिट्युटरीच मंदावली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइड कमी असू शकतं, हे तेव्हा समजलं. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी), मगच थायरॉइडची गोळी, हा क्रम महत्त्वाचा. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन वाढवायचं, तसं लिहिलेलं कार्ड पर्समध्ये असतं. दोन वर्षं 'मनाचे खेळ' ऐकून घेतले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

वाशीहून
कुणाला सांगितलं नाही, वेड्यात काढतील. अचानक पोटातून काहीतरी वर येतं आणि वाटतं, हे सगळं आधी घडून गेलंय. मिनिटभर. मग ठीक.

धागाकर्ती
दर वेळी अगदी सारखंच होतं का? तर ती बारीक फिट असू शकते. हातपाय झाडले तरच फिट, असं नसतं. उद्याच डॉक्टरांना फोन करा, बहुधा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) सांगतील. तोवर गाडी चालवू नका.

वाशीहून
बरं. स्कूटीची किल्ली मुलाकडे दिली.