कोयनेचे धक्के अंगवळणी पडले, घरं मात्र तशीच

मोरणाकाठ (पाटण)
परवा रात्री फळीवरची भांडी वाजली. आई कूस बदलत "कोयना हलली" म्हणाली आणि झोपली. मला काही झोप लागली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा सोप्याची भिंत आजीच्या अंगावर आली. ती वाचली, तिची धाकटी जाऊ गेली. आज गावात तसल्याच, मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर लोक स्लॅब टाकतायत. १९९३ ला किल्लारीत माणसं दगावली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं कोसळून. निदान पाटण, शिराळ्यात तरी घराची परवानगी भूकंपाचा विचार करूनच द्यावी.

कृष्णाकाठचा (सांगली)
दुःख समजतं, पण मागणी पटत नाही. धरण भरलं की धक्के वाढतात, हे चक्र साठ वर्षं चाललंय. लहान धक्क्यांनी ताण निघून जातो, तेही बरंच. माणसं कशानं गेली ते बघा. जुलै २०२१ ला तुमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर दरडी आल्या. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली. पैसा आधी तिकडे जाऊ द्या.

वारणाखोरं (शिराळा)
ताण निघून जातो म्हणता, त्याचा हिशेब करू. रिश्टर एकानं वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. ६.३ ची ऊर्जा ४.३ च्या धक्क्यांनी सोडवायची तर तसले हजार धक्के लागतील. आणि चक्र म्हणजे काही वेळापत्रक नव्हे. चांदोलीचं पाणी १९८५ पासून साठू लागलं, १९९३ पासून आमच्याकडचे धक्के वाढले. पूर येताना दिसतो. पाणी चढतंय म्हटल्यावर जनावरं सोडून माळावर नेता येतात. भूकंपात तेवढी उसंत कुठली?

कृष्णाकाठचा
हिशेब मान्य, ताणाचं माझं चुकलंच. पण खर्च कोणाच्या माथी? मुंबईत हमाली करून पोरगा चार पैसे पाठवतो, त्यात भिंत उभी राहते. परवानगी अडवली तर तो माणूस राहायचा कुठं? दरडीखालच्या वाड्या आधी हलवा, यावर मी ठाम आहे.

मोरणाकाठ
वाड्या हलवाच, त्यात दुमत नाही. पण नव्या जागी घरं बांधाल ती कशी? जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळ्या घालून काँक्रीटचे आडवे पट्टे चारही भिंतींवरून सलग फिरवायचे. भिंतीत जागोजागी आरपार लांब दगड घालायचे, म्हणजे ती मधून फुगत नाही. खर्च वाढतो, पण भिंत दुसऱ्यांदा बांधण्याहून कमीच. गरिबाला तेवढं अनुदान द्या, मग परवानगी अडवायची वेळच येणार नाही.

मे महिन्यात आम्ही सोप्याची भिंत उतरवतोय. गवंडी गावातलाच आहे, पट्टे त्यालाही पहिल्यांदाच घालायचेत. कुणाला बघायचं असेल तर या.

वारणाखोरं
आमचा गवंडी घेऊन येतो. तारीख कळवा.