जाळी, टिन आणि ठिणग्या: कन्व्हेक्शन मावेचे तुमचे अनुभव

केशरवेलची:
परवा भाचीचा व्हिडिओ कॉल. तिने नुकताच कन्व्हेक्शनवाला मावे (मायक्रोवेव्ह ओव्हन) घेतलाय. एका हातात अ‍ॅल्युमिनियमचा केक टिन, दुसऱ्या हातात मॅन्युअल आणि चेहरा रडवेला. "मावशी, आधी म्हणतात धातूचं भांडं ठेवू नका आणि पुढे फोटोत केक टिनमध्येच! वर खोक्यातून ही लोखंडी जाळी निघाली ती वेगळीच. मी समजायचं काय?"
तिला म्हटलं, पेटी एक असली तरी आत तिघं राहतात. मायक्रोवेव्ह लावलास तर धातू बाहेर. नुसतं कन्व्हेक्शन लावलंस तर तो साधा ओव्हन, गरम हवा आणि पंखा. टिन बिनधास्त ठेव, तिथे उलट प्लास्टिक बाहेर. नुसत्या ग्रिललाही तसंच. गोची होते ती कॉम्बिनेशनमध्ये, कारण तिथे लहरी आणि उष्णता दोन्ही असतात. सोबत आलेली जाळी चालते, बाकी धातू कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल तरच.
फोन ठेवल्यावर आईचा गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन आठवला. झाकणाला काचेची खिडकी, कापडी वेष्टणाची वायर. तापमान वगैरे भानगडच नाही, वासावर केक! त्यातले टिन अजून माझ्याकडे आहेत आणि कन्व्हेक्शनवर छान चालतात. तुमच्याकडे काय काय ठेवलं गेलंय आत? लिहा.

चकलीसम्राज्ञी:
गोल ओव्हन!!! आमच्याकडे माळ्यावर आहे अजून. बाबा टाकू देत नाहीत.

पिठलंभात:
सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात भात ठेवला, झाकणासकट. ठिणगी नाही, आवाज नाही, काही नाही. भात थंडगार. त्यांचं म्हणणं मशीन बिघडलंय, दुकानदाराला बोलवा. बंद डब्यात लहरी शिरणार कुठून, बाहेरच्या बाहेर परत फिरतात, हे सांगून पाहिलं. "मग इंडक्शनवर कसं स्टील चालतं?" असा उलटा प्रश्न. कुकरची शिट्टी झाली, येते.

दोनचारशब्द:
इंडक्शन + मावे हा घोळ घरोघरी. आमच्या काकू काचेचं भांडं इंडक्शनवर ठेवतात आणि स्टीलचं मावेत. अगदी बरोब्बर उलट.

पिठलंभात:
@दोनचारशब्द हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

खाडीकाठ:
उष्टावणाची चांदीची वाटी. आत्याने तिच्यात बाळाची पेज गरम करायला ठेवली. मी पळत जाऊन बंद केलं. वाटी शाबूत, आत्या रुसली. "चांदी शुद्ध असते, तिला काय होतंय" हे अजून ऐकवते.

नाचणीसत्त्व:
@खाडीकाठ तुमच्या आत्या आणि माझ्या आजेसासूबाई बहिणी असाव्यात.
आमच्याकडे सोनेरी काठाचे कप. चहा गरम करायला ठेवला की काठावरून तडतड तडतड. आता त्या काठाला काळे डाग आहेत आणि कप पाहुण्यांसाठीच्या कपाटातून पेन ठेवायला आलाय.

तारयंत्र:
थोडं शास्त्र, कंटाळा आला तर पुढे जा. घरगुती मावेच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, तरंगलांबी साधारण १२ सेंमी. धातू त्या परतवतो, म्हणून तर पेटीच्या भिंती धातूच्याच असतात. दारावरच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची, त्यातून १२ सेंमीची लहर बाहेर येत नाही, उजेड मात्र येतो. म्हणजे धातू आत आला की स्फोट, असं नाही. टोकं, पातळ कडा, चुरगळलेली फॉइल, काटाचमचा, कपावरचा सोनेरी मुलामा अशा ठिकाणी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी पडते. दोन धातू जवळजवळ आले, पण नीट टेकले नाहीत, तरी तेच. जाळी भिंतीला घासली की उडतात त्या ठिणग्या याच. गुळगुळीत जाड चमच्याला सहसा काही होत नाही.
सोबतची जाळी त्या पेटीच्या मापाने, भिंतीपासून अंतर राखून केलेली असते. दुसऱ्या मॉडेलची आणून ठेवू नका. आणि नुसत्या मायक्रोवेव्हवर तीही काढून ठेवा, मॅन्युअलने परवानगी दिली नसेल तर.

केशरवेलची:
@तारयंत्र हे भाचीला जसंच्या तसं पाठवलंय. दादा, बदाम हलवा घ्या.

ऱ्हाईनकाठची:
जर्मनीतून. इथे मावेच्या मॅन्युअलमध्ये पाणी गरम करताना ग्लासात चमचा ठेवा असं लिहिलेलं असतं, पहिल्यांदा वाचून मी डोळे चोळले. कारण असं की स्वच्छ गुळगुळीत ग्लासातलं पाणी कधी कधी उकळी न फुटताच उकळबिंदूच्या वर जातं, आणि हलवलं की एकदम उसळून हातावर येतं. चमच्यामुळे बुडबुड्यांना सुरुवात करायला जागा मिळते. पण चमचा भिंतीपासून आणि दारापासून किमान २ सेंमी लांब हवा. आई इथे आली तेव्हा तिने हे बघून कपाळाला हात लावला होता. तिला अजून वाटतं, मी परदेशात येऊन बिघडले.

चकलीसम्राज्ञी:
पाण्याऐवजी लाकडी काडी पण चालते ना? म्हणजे चमच्याऐवजी. घाईत आहे, दळण आणायचंय

ऱ्हाईनकाठची:
हो गं चालते.

बटाटेवडा_२:
आम्ही आपले गॅसवर गरम करतो. ठिणग्या नाहीत, मॅन्युअल नाही.

दोनचारशब्द:
@बटाटेवडा_२ आणि खाली लागलेली भाजी कोण खातं?

बटाटेवडा_२:
मीच.

सांडशी:
मी दुरुस्तीची कामं करतो म्हणून लिहितो. ठिणग्या उडाल्या म्हणून बोलावतात, तेव्हा दर वेळी भांड्याचीच चूक नसते. आत बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक चौकोनी पट्टी असते, ती अभ्रकाची. तिच्यामागून लहरी आत येतात. तिच्यावर तेलातुपाचे शिंतोडे उडून जळले की काळा डाग पडतो आणि मग आत नुसती पोळी ठेवली तरी चटचट होतं. पट्टी स्वस्त असते, कात्रीने मापात कापून बसते. काही जण ती पॅकिंगचा पुठ्ठा समजून काढून टाकतात. काढू नका! आतला रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तरी ठिणगी येते.
अजून एक, टिन फिरायला हवा. ९ इंची चौकोनी टिनचा कर्ण पावणेतेरा इंच भरतो. छोट्या पेटीत तो फिरता फिरता कोपऱ्याने भिंतीला अडतो. केक एका बाजूने करपतो आणि बोलणी मला.

नाचणीसत्त्व:
सांडशीदादा, त्या पट्टीसाठी धन्यवाद. आमच्यात काळा डाग आहेच! आजच बदलून घेते. तोवर वापरू नको ना?

सांडशी:
मायक्रोवेव्ह नको. आधी ओल्या फडक्याने पुसून बघा, वायर काढून. नुसता चिकटा असेल तर निघेल. जळून भोक पडलं असेल तर बदलाच.

लेकुरवाळी:
माझं उलटं झालं. धातू सोडा, मावे घेतला तेव्हा प्लास्टिकचे बाउल फुकट मिळाले होते, त्यावर "मायक्रोवेव्ह सेफ" लिहिलंय. मुलाने त्यात मॅगी ठेवली आणि बटण दाबलं ते कन्व्हेक्शनचं, २०० डिग्री. बाउल जाळीच्या प्रत्येक गजातून खाली ओघळला. मॅगीसकट. वास चार दिवस.. जाळी तासून तासून हात दुखले.

खाडीकाठ:
आई गं

पिठलंभात:
@लेकुरवाळी मॅगीचं काय झालं पण

लेकुरवाळी:
@पिठलंभात तू आणि माझा मुलगा एकाच शाळेतले

केशरवेलची:
म्हणूनच म्हणते, हात भांड्याकडे जायच्या आधी डोळे बटणांकडे जायला हवेत. ते लहरींचं चित्र आणि पंख्याचं चित्र पडद्यावर इतकं बारीक असतं की माझा चष्मासुद्धा हार मानतो. मी पंख्याच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

तारयंत्र:
नेलपॉलिश झकास! एक राहिलं. काही मॉडेलबरोबर काळी क्रिस्प थाळी येते, ती धातूचीच, पण तळाला लहरी शोषून तापणारा थर असतो. ती मायक्रोवेव्हवर चालण्यासाठीच आहे. धातू दिसला म्हणून बाजूला ठेवू नका. चिमट्याने धरा, भयंकर तापते.

सुरळीवडी:
रेस्टॉरंटमधून फॉइलच्या डब्यात बिर्याणी येते ती कशी गरम करता? मी काचेच्या बाउलमध्ये काढते, पण मग भांडं वाढतं घासायला

दोनचारशब्द:
कन्व्हेक्शनवर पुठ्ठ्याचं झाकण काढून तसाच डबा ठेवा. वेळ जास्त लागतो. भांडं वाचतं, बिल वाढतं.

सुरळीवडी:
बिल नवरा भरतो. डबाच ठेवते 😄

ऱ्हाईनकाठची:
अवांतर: कुणी कन्व्हेक्शनवर बाट्या केल्यात का? १८० की २००?

चकलीसम्राज्ञी:
२००, आधी तापवून. जाळीवर थेट. मध्येच उलटवायच्या. मी रवा थोडा जास्त घालते, नाहीतर आत कच्च्या राहतात. दळण मिळालं, गिरणीत ही गर्दी!!

खाडीकाठ:
अति अवांतर: मावे फ्रिजवर ठेवला तर चालतो का हो? ओटा भरलाय.

सांडशी:
नको. कन्व्हेक्शनवाला जड असतो, मागून-वरून गरम हवा सोडतो, त्याला मोकळी जागा लागते. आणि गरम टिन डोक्याच्या उंचीवरून उतरवायचा म्हणजे एक दिवस अंगावर यायचा. ओट्यावरचं काहीतरी हलवा.

खाडीकाठ:
मग मिक्सर फ्रिजवर?