मदत हवी आहे: डिस्क गोल्फच्या कोर्सवर कुत्र्याला न्यावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटला राहतो. डिस्क गोल्फ खेळायला जाताना कुत्र्याला सोबत न्यावं की नाही, यावर घरात आणि ग्रुपमध्येही एकमत होत नाहीये. न्यायचं असेल तर बाकीच्यांना त्रास होणार नाही आणि त्यालाही इजा होणार नाही, असं कसं न्यायचं ते अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खेळाची रीत गोल्फचीच, पण चेंडूऐवजी हाताने फेकायची प्लॅस्टिकची डिस्क आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क बास्केटमध्ये पोचवायची. इथले बरेचसे कोर्स सार्वजनिक पार्कमध्ये, दाट झाडीत आहेत आणि खेळायला पैसे पडत नाहीत. अठरा होल्सच्या राउंडला आम्हाला अडीच तास लागतात, गर्दी असली तर जास्तच. म्हणूनच कुत्र्याचा प्रश्न येतो. तेवढ्यात त्याचं मस्त फिरणं होईल असं वाटतं, आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघंही बाहेर असताना तो घरात एकटा दाराशी बसून राहतो हे बघवत नाही.

आमचा चिकू शेल्टरमधून आणलेला, लॅब आणि हाउंडची सरमिसळ, तीनेक वर्षांचा. माणसांशी अतिशय प्रेमळ आहे. पण हवेत काहीही उडालं की त्याच्या मागे धावतो. मागच्या अंगणात आम्हीच त्याच्याशी मऊ फ्रिस्बीने खेळतो, त्यामुळे उडणारी चकती म्हणजे आपलं खेळणं असं त्याच्या डोक्यात पक्कं आहे.

ग्रुपमधली दोन कुटुंबं कुत्री आणतात. एकांचा कुत्रा लीशवर असतो. दुसऱ्यांचा मोकळा असतो आणि ते दर वेळी "काही करत नाही हो तो" असं म्हणतात. शार्लटमध्ये सार्वजनिक जागेत लीश सक्तीची आहे, पार्कमध्ये तशा पाट्याही आहेत, पण सकाळी सातला बघायला कोण येतंय? मध्यंतरी मागच्या ग्रुपमधल्या एका मुलाची डिस्क झाडाला लागून वळली आणि या मोकळ्या कुत्र्याच्या अगदी जवळ पडली. कुत्र्याचे मालक त्या मुलावरच ओरडले. मला ते पटलं नाही. त्याने फेकली तेव्हा फेअरवे, म्हणजे डिस्क जायची वाट, रिकामा होता, कुत्रा नंतर धावत आत आला.

ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला कुत्र्यांची भीती वाटते. ती बोलून दाखवत नाही, पण कुत्रा जवळ आला की तिचं पटिंग, म्हणजे बास्केटजवळचे शेवटचे थ्रो, बिघडतं आणि ती कडेकडेने चालते. चिकूला नेलं तर तिच्यासाठी अजून एक कुत्रा वाढला. नवऱ्याचं म्हणणं, लीशवर नेऊ, काय बिघडतं. मला वाटतं, पार्क सगळ्यांचं आहे आणि कुत्रा आपला, तेव्हा काळजी घ्यायची ती आपणच. पण मग नेऊच नये का? तुम्ही काय करता?

बाभूळबन

रानजाई, मी रॅलेजवळ राहतो आणि आमच्या कुत्रीला घेऊन बरीच वर्षं खेळतोय. उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी सांगा. दुसऱ्या कुणी डिस्क फेकली की चिकू लीश ओढतो का? साखळ्यांच्या आवाजाला बिचकतो का? आणि तुम्ही दोघं खेळत असताना त्याला धरणार कोण?

रानजाई

ओढतो, आणि चांगलाच ओढतो. साखळ्यांचा आवाज त्याने अजून ऐकलेलाच नाही. धरणं आळीपाळीने करू असं ठरलंय, एकाचा थ्रो असला की दुसऱ्याने धरायचं.

बाभूळबन

मग माझं मत असं: न्या, पण या शनिवारी नको.

लोकांच्या मनात कुत्रा आणि फ्रिस्बी ही जोडी पक्की बसली आहे, आणि त्याला कारणही आहे. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना चालू असताना अ‍ॅशले व्हिपेट नावाच्या कुत्र्याने मैदानात उतरून हवेतल्या फ्रिस्बी झेलून दाखवल्या आणि देशभर त्याचं नाव झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्याच भागात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी डिस्क गोल्फचा पहिला कायमचा कोर्स उभारला. साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. दोन्ही खेळ एकाच काळात, एकाच परिसरात वाढले, म्हणून लोकांना वाटतं की डिस्क तीच आणि कुत्राही चालेल. डिस्क ती नाही. कुत्र्याची फ्रिस्बी शंभर-सव्वाशे ग्रॅमची, मऊ, गोल कडेची असते. आपली ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, १७० ग्रॅमच्या आसपास, कडक, आणि लांब जावी म्हणून तिची कड मुद्दाम धारदार केलेली. साध्या हौशी माणसाच्या हातूनही ती ताशी ८० किलोमीटरने सुटते. ती झेलायला चिकूने उडी मारली तर दात तुटेल, जबडा फाटेल, डोळाही जाऊ शकतो. म्हणून लीश हवी ती आधी त्याच्यासाठी हवी.

उभं कुठं राहायचं ते नीट ठरवा. फेकणाऱ्याच्या मागे, चार-पाच पावलं. बाजूला कधीच नाही. उजव्या हाताच्या बॅकहँडने, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकणाऱ्याची डिस्क बोटात अडकून उशिरा सुटली की थेट उजवीकडे जाते, आणि नीट सुटलेलीसुद्धा वेग उतरल्यावर डावीकडे वळते. आपल्याकडच्या झाडीत तर खोडाला लागून कुठेही येते. दुसरं म्हणजे, जो बास्केटपासून सर्वांत लांब त्याने आधी फेकायचं हा आपला क्रम आहे, त्यामुळे त्याच्या पुढे कुणीही असता कामा नये. कुत्र्याला पुढे चालायची घाई असते. डिस्कपाशी पोचलात की त्याला थांबवून बसवायचं, सगळ्यांचे थ्रो होईपर्यंत.

आता शिकवण्याबद्दल. अंगणातली फ्रिस्बी काही आठवडे बंद ठेवा, तिच्या जागी चेंडू द्या. गोल्फच्या डिस्क त्याच्यासमोर जमिनीवर पसरून ठेवा आणि त्यांच्यामधून त्याला लीशवर चालवा. तोंड घातलं की "सोड", मान वळवून तुमच्याकडे बघितलं की खाऊ. हे जमलं की एकाने हळू, जवळ फेकायची, दुसऱ्याने त्याला धरून बसायचं. मग कोर्सवर जा, पण खेळायला नाही. गर्दी नसलेल्या संध्याकाळी पहिल्या बास्केटपासून लांब बसा, लोकांचे थ्रो बघू दे, साखळ्या ऐकू दे. आमच्या कुत्रीला तो आवाज सहन व्हायला बराच काळ लागला. सुरुवातीला ती माझ्या पायांत शिरायची.

त्या ओरडण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. समोर कुणी असेल तर फेकायचं नाही हे फेकणाऱ्याचं कर्तव्य, आणि फेकलेल्या डिस्कच्या वाटेत आपलं जनावर जाऊ न देणं हे मालकाचं. नियमातही या प्रसंगांची सोय आहे. उडती डिस्क कुत्र्याला लागली तर जिथे थांबली तिथून खेळायचं. थांबलेली डिस्क कुत्र्याने पळवली तर अंदाजाने मूळ जागी परत ठेवायची. पण अनोळखी माणसाच्या आवडत्या डिस्कवर दातांचे खड्डे पडले की नियम सांगून काही उपयोग नसतो, नवी डिस्क घेऊन द्यावी.

गोदाकाठ

मी हा खेळ खेळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. लहानपणी नाशिकला मला कुत्रा चावला होता, पोटात इंजेक्शनं घेतली होती. आज चाळिशीतही कुत्रा अंगावर धावत आला की माझे पाय जागच्या जागी थिजतात. "काही करत नाही हो तो" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकतेय आणि त्याने भीती तसूभरही कमी झालेली नाही. तो काही करणार नाही हे मालकाला माहीत असतं, मला नसतं.

रानजाई, तुमची मैत्रीण ग्रुपमध्ये कधीच बोलणार नाही. आम्ही बोलत नाही, कारण बोललं की लोक समजूत घालायला लागतात, नाहीतर कुत्र्याला हात लावून बघ म्हणून आग्रह करतात. तिला एकटीला फोन करा आणि विचारा. ती नको म्हणाली तर तिच्यासोबतच्या शनिवारी चिकू घरी, एवढं साधं ठेवा. आणि ती "चालेल" म्हणाली तरी अंतर किती हवं ते तिला सांगू द्या.

औषधीवाट

जॉर्जियात प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून फक्त तब्येतीचं लिहिते. बाकी बाभूळबन यांनी छान सांगितलं आहे.

जून ते सप्टेंबर सकाळी लवकर निघा, नऊनंतर नको. आपल्याकडची दमट हवा कुत्र्यांना फार जड जाते, सावली असली तरी. धाप थांबत नाही, जीभ-हिरड्या लालभडक, चाल लटपटते, असं दिसलं की राउंड तिथेच सोडायची. आधी अंगावर पाणी ओतून गार करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. पाणी आणि वाटी बॅगेत हवीच.

हरवलेली डिस्क शोधायला त्याला पालापाचोळ्यात नाक घालू देऊ नका. कॉपरहेड हा विषारी साप पानांच्या रंगाचा असतो, दिसतच नाही, आणि कुत्र्यांना दंश बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो. दंश झाला तर चिरणं, चोखणं, बांधणं असलं काही करू नका, शांत ठेवून थेट दवाखाना गाठा. घरी आल्यावर कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, गोचिडांचं औषध वर्षभर चालू ठेवा. पॉयझन आयव्ही या खाज आणणाऱ्या वेलीचा चीक त्याच्या केसांवरून तुमच्या हातावर येतो, त्यामुळे त्याला पुसताना हातमोजे घाला.

आणि एक कळकळीची विनंती. पाण्यात पडलेली डिस्क काढायला कुत्र्याला तळ्यात सोडू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्याच राज्यात, विल्मिंग्टनला, तळ्यात खेळलेली तीन कुत्री निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने दगावली. पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर काठाशीही नेऊ नका.

उत्तररंग

तांपेरे, फिनलंडहून. इथे हा खेळ घराघरांत आहे, २०२५ ची जागतिक स्पर्धाही इथे आणि शेजारच्या नोकिया गावात झाली. कुत्रीही भरपूर येतात, पण तुमच्यासारखा वाद मी ऐकलेला नाही. १ मार्च ते १९ ऑगस्ट कुत्र्याला लीशवर ठेवावं लागतं, असं इथला शिकारीचा कायदाच सांगतो, कारण तो पक्ष्यांच्या-प्राण्यांच्या पिल्लांचा काळ. वस्तीच्या भागात तर वर्षभर. रानात कोर्सवरूनच लोक चालायला जातात, बेरी वेचतात, त्यामुळे आपण एकटे नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं.

आमच्या ग्रुपची पद्धत सांगतो. दर कुत्र्यामागे एक न खेळणारा माणूस. तो कुत्रा धरतो, स्कोअर लिहितो, डिस्क कुठे पडली ते बघतो. दर नऊ होल्सनी बदलायचा. आळीपाळीने धरण्यात एकाचं लक्ष खेळात अडकतं आणि लीश सैल सुटते, हे आम्ही खूपदा पाहिलंय.

शी उचलण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पिशवी भरून वाटेच्या कडेला ठेवायची आणि "परतताना नेतो" म्हणायचं, असं करू नका. परतताना माणूस दुसऱ्याच वाटेने येतो. डिस्क गोल्फवाला झुडपात गुडघे टेकून, हात घालून डिस्क शोधत असतो, हे लक्षात घ्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ, तुमचं वाचून काल मैत्रिणीला फोन केला. लीशवर असेल आणि तिचा पट चालू असताना लांब असेल तर चालेल म्हणाली, पण मोकळ्या कुत्र्यामुळे ती ग्रुप सोडायच्या विचारात होती हे मला पहिल्यांदाच कळलं. त्या कुटुंबाशी नवरा आणि मी दोघं जाऊन बोलणार आहोत. त्यांना हा धागाही पाठवेन, विशेषतः धारदार कडेबद्दलचा भाग, कारण त्यांचं त्यांच्या कुत्र्यावर फार प्रेम आहे आणि हा धोका त्यांच्या लक्षात आला नसावा.

चिकूची फ्रिस्बी कपाटात गेली. न खेळणाऱ्या माणसाची कल्पना फार आवडली, नऊ होल्स मी आणि नऊ नवरा. एकच शंका राहिली. कमरेला बांधायची लीश मिळते, हात मोकळे राहतात. ती घेऊ का? कधी एकटीच त्याला घेऊन गेले तर सोयीची पडेल.

बाभूळबन

चालण्यापुरती घ्या, पण ती बांधलेली असताना फेकू नका. ड्राइव्हला, म्हणजे पहिल्या लांब थ्रोला, आपण तीन-चार पावलं धावून कंबर फिरवतो. त्याच क्षणी २५ किलोचा कुत्रा डिस्कमागे झेपावला तर तुमचा गुडघा जाईल. एकट्या असाल तर टीच्या, म्हणजे पहिला थ्रो जिथून फेकतो त्या जागेच्या, मागच्या मजबूत झाडाला आखूड बांधा, फेका, आणि परत येऊन सोडा. बास्केटच्या खांबाला किंवा होलच्या पाटीला बांधू नका. पुढच्या टीला असं झाड नसेल तर तो होल सोडून द्या. आणि एकटीने न्यायचं ते शनिवारी नको, आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, मागे कुणी खोळंबलेलं नसताना.