गुलाबी कोयरीची टेली: देखणी की चादर?

सहावी_तार:
परवा सेकंडहँड टेलिकास्टर घेतली, फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, जपानी रीइश्यू (जुनं मॉडेल पुन्हा काढलेलं), गुलाबी पेझ्ली. पेझ्ली म्हणजे आपली कोयरीच हो, आजीच्या शालूवर असते ती. प्रॅक्टिसला नेली तर आमचा ड्रमर म्हणतो चादर गुंडाळून आणलीस काय. मला तर सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद रंग) बघून बघून कंटाळा आलाय, ज्याच्या त्याच्या गळ्यात तीच. शनिवारी गिग आहे, नेऊ का?

काळी_स्ट्रॅट:
नको. राग मानू नकोस पण ते फिनिश नाहीच्चे, वॉलपेपर आहे. 1968 ला फेंडर सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या ताब्यात होती, हिप्पी पोरं गिऱ्हाईक म्हणून हवी होती, तर यांनी भिंतीचा चिकट कागद आणून बॉडीला पुढून मागून डकवला, कडेने रंगाचा फवारा मारून जोड लपवला नि वरून क्लिअर कोट. त्या कोटाचं आणि कागदाचं कधी जमलंच नाही, त्या काळच्या पीसेसना तडे बघ कसले गेलेत. गिटार म्हणजे लाकूड दिसलं पाहिजे किंवा रंग तरी खरा पाहिजे.

डोंबिवली_लीड:
गिटारिस्ट जेम्स बर्टन हीच गुलाबी घेऊन एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे वाजवायचा, त्याला कोण चादर म्हणालं? आणि नाव तरी कुठून आलं, काश्मिरी शालींच्या नकला स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात विणायचे म्हणून. आपल्याच कोयरीला आपणच नाकं मुरडायची म्हणजे कमाल आहे.

काळी_स्ट्रॅट:
बर्टन होता तो. आपण रिसेप्शनला वाजवतो, नवरीच्या शालूला मॅच झाली तर फोटोग्राफर यालाच स्टेजवर मधे उभा करेल 😂

ठाण्याचा_बेस:
दिसण्याचं सोडा, एवढा जाड पॉली कोट (प्लास्टिकसारखा कडक थर) म्हणजे टोन मेलाच ना?

डोंबिवली_लीड:
सॉलिड बॉडी आहे रे, पिकअप तारेची थरथर पकडतो, कागदाची नाही. डोळे मिटून पॉली की नायट्रो (जुन्या पद्धतीचं पातळ लॅकर) ते ओळखून दाखव, वडापाव माझ्याकडून.

घरचा_रंगारी:
मी हे करून बसलोय म्हणून सांगतो. स्वस्तातली एक गिटार घासून त्यावर गिफ्ट पेपर चिकटवला, वर लॅकरचा स्प्रे मारला, तर थिनरने शाई सुटली आणि फुलांचा चिखल झाला, उरलंसुरलं जुलैच्या दमटपणात फुगून वर आलं. तेव्हापासून फेंडरवाल्यांना हसत नाही मी. आणि काळी स्ट्रॅट, तुला पेझ्ली एवढी खुपते तर फेंडरचंच अँटिगा फिनिश बघितलंस का? उतू गेलेल्या दुधाच्या पातेल्याचा रंग, मधे साय, कडेला करपलेलं. सुरुवातच मुळी कोरोनाडो या फेंडरच्या मॉडेलच्या बॉडीच्या करपलेल्या कडा झाकायला झाली म्हणतात. तरी 1977 ला स्ट्रॅटवर (फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर) परत आणला, पिकगार्डसुद्धा (बॉडीला पिकचे ओरखडे पडू नयेत म्हणूनची पट्टी) त्याच रंगात! मला आवडतो, हसा.

डोंबिवली_लीड:
बाय द वे, काळी स्ट्रॅट, तुझी ती रेलिक आहे ना? दुकानातूनच खरचटून आलेली? आयरिश गिटारिस्ट रॉरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटचा रंग त्याच्या घामाने गेला, तुझा कुणी पॉलिश पेपरने घालवला, आणि खऱ्या रंगाच्या गोष्टी तू करतोस.

काळी_स्ट्रॅट:
हो आहे रेलिक. नेकची मागची बाजू घासलेली असते, पहिल्या दिवसापासून हात सरकतो. शिवाय नवी कोरी असली की पहिला ओरखडा पडेपर्यंत जीव टांगणीला, इथे ते टेन्शनच नाही. फसवणूक म्हण हवं तर, पण रोज वाजवतो.

घरचा_रंगारी:
मग त्यालाही रोज वाजवू दे की.

सहावी_तार:
नेतोय. पिकगार्ड पारदर्शक प्लास्टिकचा आहे, पिकचे ओरखडे आत्ताच दिसायला लागलेत, रेलिक फुकटात होईल. आणि ड्रमरला विचारलं, तुझ्या किटखाली अंथरतोस त्या गालिच्यावर काय आहे रे? बघितलं तर कोयऱ्याच.