चार्जर काढा म्हणणाऱ्यांनो, आधी सेटटॉप बॉक्स बघा

वातीचा_दिवा:
"रात्री मोबाइलचा चार्जर प्लगमधून काढा, बिल निम्मं होईल" अशी पोस्ट काल फिरत होती. राहवलं नाही म्हणून लिहितोय. वीज मोजायचा प्लग आणून मी पंधरा दिवस घरभर फिरवला. रिकाम्या चार्जरला आकडा हललासुद्धा नाही. सेटटॉप बॉक्सला लावला. चालू असताना १२ वॅट. रिमोटनं बंद केल्यावर ११! हिरवा दिवा लाल होतो, एवढाच काय तो फरक. एक वॅट वर्षभर चालला की पावणेनऊ युनिट होतात. आमचा टीव्ही दिवसाला पाच तास चालतो, म्हणजे उरलेल्या एकोणीस तासांत वर्षाला ७६ युनिट कुणीही न बघता जळतात. आम्हा दोघांना थंडीत महिनाभर तेवढेच लागतात. युरोपात साध्या स्टँडबायला, म्हणजे रिमोटनं बंद पण प्लगला जोडलेल्या उपकरणाला, २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. आपण मात्र चार्जरच्या मागे लागलोय.

पाना_पक्कड:
महिन्याला सहा युनिटांसाठी एवढा त्रागा? जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, तीसच्या आसपास. दहा तास चालला तर एका पंख्यामागे रोज जवळपास अर्धा युनिट वाचतो. गीझर दिवसभर चालू ठेवणारे तर पाणी निवलं की तापवत बसतात. ते बोला. बॉक्स मुळापासून बंद केला तर रात्रीचं रेकॉर्डिंग होत नाही आणि सकाळी चॅनेल लागायला चार मिनिटं जातात. वडिलांना सातच्या बातम्या सातलाच हव्या असतात.

वातीचा_दिवा:
पंखे बदलायला पैसे लागतात. बटण बंद करायला काय लागतं?

सई_आजी:
गुडघे लागतात! आमच्या नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा बोर्ड लाकडी पॅनेलमागे गेलाय. जमिनीवर बसायचं, खालच्या कप्प्यातून कोपरापर्यंत हात घालायचा आणि वायरींच्या गुंत्यात बटण चाचपायचं. उठायला मला कुणाचा तरी हात लागतो. सुताराला तीनदा सांगितलं होतं, बटण बाहेर ठेव. म्हणे, "काकू, वाईट दिसेल."

गच्चीवरचा:
अगदी! आमच्या फ्रिजचं बटणही फ्रिजच्या मागे. पावसाळ्यात जळका वास आला तेव्हा धावत जाऊन मेन स्विच पाडावा लागला. सगळी इमारत अशीच आहे.

रंधा:
उगाच सुतारांना बोलू नका. वीस वर्षं फर्निचर करतोय. पॉइंट बिल्डर काढून देतो, फरशीपासून फूटभर वर. टीव्हीचं कपाट त्याच्यासमोरच येतं. वायर दिसायला नको हेही गिऱ्हाईकच सांगतं. बोर्ड वर घ्यायचा तर भिंत फोडावी लागते, त्याचे पैसे कोण देतं?

सई_आजी:
मी देणार होते. तीनदा सांगितलं म्हणजे आणखी कसं सांगायचं?

रंधा:
मग चूक तुमच्या सुताराची. पण सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

पाना_पक्कड:
विषय विजेचा होता, फर्निचरचा नाही.

गच्चीवरचा:
विजेचंच सांगतो. ते सहा युनिट वाचून महिन्याचं बिल १०० युनिटांच्या आत आलं तर सगळ्या युनिटांना खालचा दर लागतो. केवढा फायदा!

पाना_पक्कड:
चूक. वरचा दर फक्त १०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. बिल उघडून बघा. हां, ते सहा युनिट पुढचेच असतील तर महागातले वाचतात, एवढं मानतो. रेकॉर्डिंग नसेल त्या रात्री बॉक्स बंद करीन. पंख्यांचं मात्र मागे घेत नाही.

वातीचा_दिवा:
पंख्यांना मी कधी नाही म्हटलं? आजी, बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड मागच्या प्लगला लावून बाहेर आणा.

सई_आजी:
वायर वाटेत येईल. पडले तर?

रंधा:
वायर नको. पॅनेलला बटणासमोर वीतभर झाकण कापून बिजागरी लावायची. अर्ध्या तासाचं काम आहे.

सई_आजी:
अर्ध्या तासाचं? मग त्यानं माझ्याकडे दोन दिवसांची मजुरी कशी मागितली?