‘एअर शॉवर’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: लडाखमधील हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर असलेल्या ‘मेस’ या गॅमा किरणांचा (अतिउच्च ऊर्जेच्या प्रकाशाचा) वेध घेणाऱ्या दुर्बिणीवरील लेख अनुवादित करताना मी ‘एअर शॉवर’साठी, म्हणजे अवकाशातून आलेल्या किरणामुळे वातावरणात उपजणाऱ्या कणांच्या लोंढ्यासाठी, ‘कणवर्षाव’ हा शब्द योजला. उल्कावर्षावाशी गल्लत होईल म्हणून संपादकांनी तो खोडून ‘कणांचा सडा’ असे सुचवले. सडा म्हणजे अंगणात शिंपलेले शेणपाणी, असेच मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आपले मत काय?

पारिजात: सडा प्राजक्ताचाही पडतो, मात्र तो पडून झालेला असतो. गॅमा किरण वातावरणात शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, तिच्यापासून पुन्हा गॅमा किरण निघतात, आणि ही वंशवेल बहुधा उंचावरच विरून जाते. जमिनीवर पोहोचतो तो मुख्यतः निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश (हवेतून अतिवेगाने जाणाऱ्या या कणांमुळे निघणारा), साधारण १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरलेला. सडा म्हणायचेच असेल, तर त्या प्रकाशाला म्हणावे.

निवृत्त शिक्षक: मी ‘सर’ सुचवतो. वर्षाव चालू राहतो, सर मात्र येऊन जाते. हा प्रकाशही अवघे काही नॅनोसेकंद टिकतो. ‘कणसर’ हा सुटसुटीत शब्द होईल.

जव्हारकर: त्याचे अनेकवचन ‘कणसरी’ होईल, आणि आमच्या वारली वस्त्यांत कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिचे नाव नकळत दुसऱ्या अर्थाला जोडणे मला रुचत नाही.

शब्दव्रती: मुळात ‘दुर्बीण’ हाच शब्द फारसी आहे. शास्त्रीय लेखनात ‘दूरदर्शी’ लिहावे.

पारिजात: जो शब्द शाळकरी मुलांनाही कळतो, तो परका कसा? शंका घ्यायचीच तर अर्थाची घ्यावी. ‘मेस’चा २१ मीटर व्यासाचा आरसा टिपतो तो प्रकाश आपल्याच वातावरणात, काही किलोमीटर उंचीवर जन्मलेला असतो. मग त्याला दूरचे पाहणे म्हणावे का?

निवृत्त शिक्षक: अवश्य म्हणावे. त्या प्रकाशाच्या ठशाचा आकार आणि रोख पाहूनच किरण कोणत्या दिशेने आला, हे ठरवतात. १९८९ मध्ये ॲरिझोनातील व्हिपल दुर्बिणीने खेकडा तेजोमेघाकडून येणारे अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण याच रीतीने ओळखले, आणि तो तेजोमेघ हजारो प्रकाशवर्षे दूर आहे.

अनुवादिका: ‘दुर्बीण’ मी ठेवणारच आहे. ‘शॉवर’चा निर्णय मात्र अजून झालेला नाही.

शब्दव्रती: ‘दूरदर्शी’वर कोणी नेमका आक्षेप घेतलेला मला दिसला नाही.